गुरूच्या चित्रासमोर: व्यक्तिचित्रणाच्या शिक्षणात अनुकृतीचे स्थान

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकू पाहणाऱ्याला दोन परस्परविरोधी सल्ले हमखास मिळतात. एक सल्ला असा, की रेम्ब्रांट, वेलास्केझ, सार्जंट यांच्या चित्रांच्या अनुकृती करा, हात त्यातूनच तयार होतो. दुसरा असा, की दुसऱ्याची चित्रे गिरवत बसलात तर स्वतःची नजर कधी येणार नाही, तेव्हा समोर माणूस बसवा आणि रंगवा. दोन्ही सल्ले अनुभवी माणसे देतात आणि दोन्हींना शतकांची परंपरा आहे. शिकणारा मात्र मध्येच अडकतो. बहुतेक वेळा तो मोबाइलच्या पडद्यावर एखादे प्रसिद्ध चित्र उघडून त्याची जमेल तशी नक्कल करतो आणि यातून आपण नेमके काय शिकलो हे त्याला सांगता येत नाही.

युरोपातील आणि आपल्याकडील अनुभव एकत्र पाहिला, तर माझ्या मते या वादात एक गोष्ट निर्णायक ठरते: अनुकृती करणारा मूळ चित्राच्या घडण्यापासून किती अंतरावर उभा आहे. गुरूच्या कार्यशाळेतला शिष्य चित्र घडताना पाहत होता. संग्रहालयातल्या चित्रकाराला पूर्ण झालेले चित्र दिसत होते. आजच्या विद्यार्थ्याला त्या चित्राचे छायाचित्र दिसते. अंतर वाढले, तसे अनुकृतीतून आपोआप मिळणारे शिक्षण कमी होत गेले आणि ते जाणीवपूर्वक मिळवण्याची जबाबदारी वाढत गेली.

कार्यशाळेतील अनुकृती

इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने 1400 च्या सुमारास चित्रकारांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. तीत शिकणाऱ्याला स्पष्ट सूचना आहे: एक चांगला गुरू निवड, सतत त्याच्याच कामावरून रेखाटन कर, आज याचे आणि उद्या त्याचे असे करू नकोस. हा सल्ला गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलासाठी होता. तो मुलगा रंग घोटत असे, लाकडी फळ्यांवर अस्तर चढवत असे आणि गुरू कोणता रंग आधी लावतो, कोणता वाळेपर्यंत थांबतो, हे रोज पाहत असे. त्याची अनुकृती या सगळ्या पाहण्याचा एक भाग होती.

या पद्धतीचा बोलका पुरावा माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तिथे ‘मोनालिसा’ची एक जुनी प्रत होती आणि तिची पार्श्वभूमी काळ्या रंगाने झाकलेली होती. तो रंग काढल्यावर मागचा निसर्ग उघडा झाला. तांत्रिक तपासणीत त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली आणि 2012 मध्ये ती जाहीर झाली. लिओनार्दोने मूळ चित्रात काम करता करता जे बदल केले होते, तसेच बदल या प्रतीच्या खालच्या रेखाटनातही होते. म्हणजे मूळ चित्र घडत असतानाच शिष्य शेजारी प्रत करत होता. गुरूने रेषा हलवली की शिष्यही हलवत होता. गुरूचा निर्णय बदलतो कसा, हे त्याला त्याच क्षणी दिसत होते.

शेजारी बसूनही प्रतीत काय सुटते, हे दुसऱ्या एका उदाहरणातून कळते. गळ्याशी लोखंडी कवच घातलेले तरुण रेम्ब्रांटचे आत्मचित्र हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे आणि तसेच दुसरे न्यूरेंबर्गला आहे. हेगचे चित्र अधिक गुळगुळीत, अधिक नेटके. बराच काळ तेच मूळ मानले जात होते. 1990 च्या दशकात अवरक्त किरणांच्या तपासणीत त्याच्या रंगाखाली काळजीपूर्वक काढलेले रेखाटन सापडले. रेम्ब्रांट अशा चित्रांत तसे रेखाटन करत नसे. आता न्यूरेंबर्गचे मोकळ्या हाताचे चित्र मूळ आणि हेगचे चित्र रेम्ब्रांटच्या कार्यशाळेतील प्रत मानले जाते. ज्याला शेवट आधीच माहीत असतो, तो कडा सांभाळत जातो. ज्याला शेवट शोधायचा असतो, तो रंगातच चाचपडतो. हा फरक शतकानुशतके जाणकारांच्याही नजरेतून निसटला. तेव्हा विद्यार्थ्याने आपल्या नेटक्या प्रतीवर खूश होताना हेगचे चित्र आठवावे.

संग्रहालयाचे युग

पीटर पॉल रूबेन्स 1628 मध्ये राजनैतिक कामासाठी माद्रिदला गेला. तेव्हा तो 51 वर्षांचा होता आणि युरोपभर त्याचे नाव होते. तरीही तिथल्या राजसंग्रहातल्या टिशियनच्या चित्रांच्या प्रती करायला तो बसला. टिशियनचे ‘आदम आणि ईव्ह’ आणि त्यावरून रूबेन्सने केलेले चित्र, दोन्ही आज प्रादोमध्ये आहेत. रूबेन्सने आदमची बैठक बदलली, झाडावर एक पोपट आणला आणि अंगकांती आपल्या पद्धतीने रंगवली. टिशियनने हे का केले आणि मी काय केले असते, असे दोन्ही प्रश्न तो एकाच कॅनव्हासवर सोडवत होता. प्रौढ चित्रकाराची अनुकृती कशी असावी याचा इतका स्पष्ट धडा मला दुसरीकडे सापडत नाही.

राजांचे संग्रह लोकांसाठी खुले झाले, तशी ही संधी सर्वांना मिळू लागली. पॅरिसचे लूव्र 1793 मध्ये संग्रहालय झाले आणि सुरुवातीपासून चित्रकारांना तिथे प्रती करण्याची मुभा होती. प्रादो 1819 मध्ये आणि लंडनची नॅशनल गॅलरी 1824 मध्ये उघडली. लूव्रमध्ये ही प्रथा आजही चालू आहे. परवाना घ्यावा लागतो, प्रतीचा आकार मूळ चित्राएवढा ठेवता येत नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही.

ज्यांना कलाशाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी ही दालने म्हणजेच शाळा होती. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये स्त्रियांना 1897 पर्यंत प्रवेश नव्हता. बर्थ मोरिझो 1858 पासून लूव्रमध्ये प्रती करत होती आणि पुढे ती दृक्प्रत्ययवादाच्या अग्रणी चित्रकारांत गणली गेली. माने आणि देगा यांची पहिली भेट लूव्रमध्येच, देगा एका स्पॅनिश राजकन्येचे चित्र उतरवत असताना झाली, असे सांगतात. पुढे ज्यांना परंपरा मोडणारे म्हटले गेले, त्यांतल्या अनेकांनी परंपरेसमोर अशी बैठक मारली होती.

व्यक्तिचित्रकारासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण जॉन सिंगर सार्जंटचे आहे. त्याचे गुरू कारोल्यूस-द्युराँ वेलास्केझचे भक्त होते. 1879 मध्ये सार्जंट माद्रिदला गेला आणि त्याने वेलास्केझच्या चित्रांच्या प्रती केल्या, त्यांत ‘लास मेनिनास’ही होते. 1880 मध्ये हार्लेमला जाऊन त्याने फ्रान्स हाल्सची चित्रे उतरवली. 1882 मध्ये त्याने बॉइट कुटुंबातल्या चार मुलींचे मोठे चित्र केले. त्यातला खोल अंधार, दूरदूर उभ्या केलेल्या मुली आणि रिकाम्या जागेचे वजन पाहिले की ‘लास मेनिनास’चा अभ्यास लगेच ओळखू येतो. चित्र मात्र सर्वस्वी सार्जंटचे आहे. अनुकृती आणि तिचे फळ यांत इथे तीनच वर्षांचे अंतर आहे, कारण त्या काळात तो जिवंत माणसेही सतत रंगवत होता.

अनुकृतीवर आक्षेप घेणारेही होते आणि ती लहान माणसे नव्हती. रॉयल अकॅडमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी 1769 च्या व्याख्यानात विद्यार्थ्यांना बजावले, की संपूर्ण चित्राची प्रत करणे हा फसवा उद्योग आहे. हात चालत राहतो, डोके झोपी जाते आणि आपण खूप कष्ट केल्याचे समाधान तेवढे मिळते. त्यांचा पर्याय असा होता, की गुरूच्या चित्राला जोडीदार म्हणून शोभेल असे आपले चित्र करा आणि ते त्याच्या शेजारी ठेवून पाहा. उणिवा आपोआप दिसतील. सेझान स्वतः लूव्रमध्ये प्रती करत असे, पण अखेरच्या वर्षांत त्याचे मत होते, की लूव्र केवळ मध्यस्थ आहे, खरा अभ्यास निसर्गासमोरच करायचा. या दोघांनीही प्रतीला विरोध केलेला नाही. विरोध आहे तो विचार न करता केलेल्या प्रतीला.

जे दिसते आणि जे रंगवले होते

पूर्ण झालेल्या चित्रासमोर बसणाऱ्याची आणखी एक अडचण असते. त्याला दिसणारे चित्र चित्रकाराने रंगवले होते तसे उरलेलेच नसते. वॉर्निश कालांतराने पिवळे, मग तपकिरी होते. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ला रात्रीचे नाव मिळाले ते काळवंडलेल्या वॉर्निशमुळे, चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे. तेल जुने होते तसा रंगाचा थर अधिक पारदर्शक होतो आणि खालच्या दुरुस्त्या वर दिसू लागतात. विद्यार्थी हा सगळा काळाचा परिणाम गुरूचा हेतू समजून उतरवतो.

खुद्द रेनॉल्ड्स यांना हा फटका बसला. जुन्या गुरूंच्या कांतीचे रहस्य शोधताना त्यांनी टिकाऊ नसलेला किरमिजी रंग वापरला. त्यांच्या हयातीतच काही व्यक्तिचित्रांतल्या गालांची लाली उडून चेहरे फिके पडले. जुन्या चित्रांची उबदार छटा आणण्यासाठी डांबरी तपकिरी रंग वापरणाऱ्यांच्या कॅनव्हासना तडे गेले.

साहित्याचाही फरक पडतो. जुन्या गुरूंचा पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. तो थोडा पारदर्शक आणि उबदार असतो, पण विषारी आहे. आज आपल्या पॅलेटवर असतो तो टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकात चित्रकारांच्या हाती आला. तो दाट, थंड आणि झाकणारा असतो. हाल्सच्या चेहऱ्यावरचा प्रकाश टायटॅनियमने उतरवला की कातडी खडूसारखी दिसते आणि विद्यार्थी आपल्या हाताला दोष देतो. अशा वेळी पांढऱ्यात किंचित पिवळी माती मिसळावी आणि उजेडाची पातळी जरा खाली ठेवावी. हे उपाय प्रत करता करताच सापडतात, आणि सापडले की समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही कामी येतात.

आपल्याकडे: मूळ चित्राशिवाय शिकलेली पिढी

हिंदुस्थानात तैलरंगातले व्यक्तिचित्र आले तेव्हा समोर युरोपीय मूळ चित्रे जवळजवळ नव्हती. राजा रविवर्म्यांची हकिगत सर्वश्रुत आहे. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला. त्याने रीतसर शिकवले नाही, काम करताना पाहू दिले. तैलरंग मिसळतात कसे, आधी काय येते आणि मग काय, हे रविवर्म्यांनी त्या पाहण्यातून टिपले. चेन्निनीच्या शिष्याला वर्षानुवर्षे मिळालेली गोष्ट त्यांना थोड्या दिवसांत, चोरपावलांनी मिळाली. तेवढीही पुरली, कारण त्यांनी पाहिला तो तयार चेहऱ्याआधीचा क्रम.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांना अनुकृतीचा सर्वांत मोठा अनुभव मिळाला तो अजिंठ्यात. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांनी लेण्यांतल्या चित्रांच्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती केल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या कित्येक प्रतीही 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या. या कामात असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतले नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अजिंठ्याने त्यांना रेषा, बैठक, चेहऱ्याचा डौल दिला असेल. पण भिंतीवरचे ते चित्र वेगळ्या माध्यमातले. तैलरंगाचे थर कसे चढतात, हे ते शिकवू शकत नव्हते. ते पेस्तनजींना मिळाले इंग्रज चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्या सहवासात.

ही कमतरता असूनही या भूमीत व्यक्तिचित्राची अस्सल परंपरा उभी राहिली. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या ए. एक्स. त्रिंदाद यांना लोक पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. पत्नी फ्लोरेंतिना हिची त्यांनी केलेली चित्रे आणि त्यांतला घरातला मंद उजेड आजही अभ्यासावा असा आहे. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि पुढे बाबूराव पेंटर यांच्या भोवती गुरूजवळ बसून शिकण्याची रीत टिकली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची पुरुषवेषातली आणि स्त्रीवेषातली चित्रे आहेत. एकच चेहरा दोन भूमिकांत रंगवताना रंगाचा स्वभाव कसा बदलतो, याचा धडा नाटकाच्या मध्यंतरातही घेता येतो.

छापील प्रत आणि पडदा

छापील चित्रावरून शिकता येतच नाही, असे मी म्हणणार नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1889-90 मध्ये सें-रेमीच्या रुग्णालयात असताना मिलेच्या आणि देलाक्रवाच्या चित्रांवरून तैलचित्रे केली. समोर बहुधा एकरंगी छापील प्रती होत्या. रंग नव्हते, म्हणून रंग त्याला स्वतः ठरवावे लागले आणि प्रत त्याची झाली. फ्रान्सिस बेकनने वेलास्केझच्या पोप इनोसंटच्या चित्रावर वर्षानुवर्षे काम केले ते छापील प्रतींवरून.

पण हे दोघे चेहऱ्याची कांती शिकण्यासाठी प्रत करत नव्हते. ज्याला ती शिकायची आहे, त्याने पडद्याच्या मर्यादा ओळखाव्यात. पडद्यावर रंगाची जाडी दिसत नाही. दाट प्रकाश आणि पातळ सावली एकाच सपाट काचेवर येतात. पडदा स्वतः उजळतो, कॅनव्हास उजेड परतवतो, म्हणून गडद भाग खोटे स्वच्छ दिसतात. चित्राचा आकार हरवतो, आणि दहा फूट अंतरावरून पाहायचा स्ट्रोक आपण बोटांनी मोठा करून पाहतो.

प्रतीतून काय मिळते, काय नाही

तरीही मी अनुकृतीच्या बाजूने आहे. समोर बसलेले मॉडेल हलते, उजेड सरकतो आणि नवशिक्याचा सगळा जीव साम्य साधण्यात अडकतो. चित्र हलत नाही. त्यामुळे ज्या गोष्टी एकेक करून शिकायच्या आहेत, त्या चित्रासमोर सुट्या करता येतात. पहिली म्हणजे उजेड-सावलीच्या पायऱ्या: गुरूने संपूर्ण चेहरा किती थोड्या टोनमध्ये बसवला आहे, हे मोजता येते. दुसरी कडा: नाकाची एक बाजू धारदार आणि दुसरी सावलीत विरघळलेली का आहे, हा प्रश्न विचारता येतो. तिसरी रंगाची जाडी, आणि चौथी आवर. बुबुळावरचा एक ठिपका पुरला म्हणून डोळ्यात दुसरा टाकलेला नाही, हे ध्यानात यायला तो ठिपका स्वतःच्या हाताने ठेवावा लागतो.

प्रतीतून न मिळणारी गोष्टही तेवढीच महत्त्वाची. समोरच्या माणसात काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ही निवड गुरूने आधीच केलेली असते. बसणाऱ्या माणसाचा संकोच, कंटाळा, बोलता बोलता सैल पडलेला चेहरा यांना सामोरे जाण्याचा सराव कोणत्याही प्रतीत होत नाही. म्हणून प्रत आणि प्रत्यक्ष माणूस यांचा अभ्यास बरोबरीने चालला पाहिजे.

माझी शिफारस अशी. पूर्ण चित्र हाती घेऊ नका, एक भाग घ्या: डोळ्यांची खोबण, गाल आणि कानामधला उतार, किंवा फक्त हात. त्याविषयी एकच प्रश्न ठरवा आणि तो कागदावर लिहा. कॅनव्हासला आधी करडा किंवा तपकिरी मध्यम अस्तर द्या, कारण पांढऱ्या कॅनव्हासवर टोन चुकतात. रंग मोजके घ्या. अँडर्स झोर्नच्या नावाने ओळखले जाणारे पॅलेट, म्हणजे पिवळी माती, लाल, काळा आणि पांढरा, सुरुवातीला पुरते. आधी एकरंगात छायाप्रकाश बसवा, मग रंग चढवा. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवा. सावल्या पातळ राहू द्या, उजेड दाट करा. आपण हा क्रम का निवडला आणि गुरूने कोणता निवडला असेल, याचा विचार प्रत्येक थरापूर्वी करा. घडताना पाहण्याची संधी आपल्याला मिळत नाही, म्हणून घडण्याचा क्रम आपणच मनात पुन्हा उभा करायचा असतो. भाग पूर्ण झाला की त्याच आठवड्यात, तसाच उजेड लावून घरातल्या कुणाला तरी बसवा आणि तोच भाग रंगवा. प्रतीचा उपयोग झाला की नाही, याची परीक्षा इथेच होते.

कायद्याचे आणि प्रामाणिकपणाचे भानही हवे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. 1935 मध्ये निधन झालेल्या त्रिंदाद यांच्या चित्रांना आता तो लागू नाही. देऊसकरांचे निधन 1994 चे, त्यांच्या चित्रांवर हक्क अजून आहे. घरी शिकण्यासाठी प्रत करायला हरकत नसते, विकण्यापूर्वी मात्र चौकशी करावी. कुठल्याही प्रतीवर गुरूची सही उतरवू नये. मागच्या बाजूला कोणत्या चित्रावरून केले, कोणी केले आणि केव्हा, हे लिहावे.

शेवटी एक विनंती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. सयाजीरावांच्या बडोद्यातील चित्रदालनात युरोपीय चित्रांचा संग्रह आहे. औंधच्या संग्रहालयात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रे आहेत आणि पणजीत त्रिंदाद यांचा संग्रह आहे. म्हणजे पेस्तनजींच्या पिढीतल्या विद्यार्थ्याला न मिळालेली मूळ चित्रे आज आपल्या आवाक्यात आहेत. या संस्थांच्या चालकांनी आठवड्यातले काही तास चित्रासमोर इझल लावून बसणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत आणि त्याचे नियम सोपे व जाहीर असावेत. कलाशिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी तिथे नेऊन बसवावे. आणि वाचकांपैकी जे शिकत आहेत त्यांनी परवानगीची वाट पाहत थांबू नये. पेन्सिल आणि वही घेऊन जवळच्या एका चांगल्या व्यक्तिचित्रासमोर तासभर उभे राहा, त्याच्या उजेड-सावलीचा आराखडा वहीत घ्या आणि घरी येऊन तो रंगवा. पहिली अनुकृती तिथूनच सुरू करावी.